करुणाची बोली

या सभेच्या अध्यक्षा, रत्नागिरीतल्या निम्म्या माणसांना ज्यांनी वाचायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना गप्प बसायला शिकवलं, त्या निवृत्त मुख्याध्यापिका आदरणीय मरियमबाई सोलकर. व्यासपीठावर येणार नाही म्हणत होते आणि शेवटी हात धरून आणावे लागले, ते करुणाचे वडील गंगारामदादा गमरे. आमच्या चित्ररसिक मंडळाचे लिलावदार रशीदभाई होडेकर. जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती करुणा. तिच्या शाळेतले शिक्षक-शिक्षिका. आणि पंख्याखाली जागा मिळाल्यामुळे सुखात असलेल्या, व न मिळाल्यामुळे माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या माझ्या रत्नागिरीकर बंधुभगिनींनो,

आपण सगळे एकाच दुखण्याचे रोगी आहोत. मी सिनेमाबद्दल बोलतोय. पडद्यावर नायक पुण्याचं बोलतो. नायिका पुण्याचं बोलते. तिचा बाप, तिचा डॉक्टर, तिचा खलनायकसुद्धा शुद्ध बोलून मगच पिस्तूल काढतो. आणि आपल्यासारखं कोण बोलतो? चहाचा ट्रे घेऊन येतो तो गडी. ट्रे सांडतो, नायिकेच्या साडीवर सांडतो, वर "आता काय करायचां ओ?" म्हणतो, आणि थिएटर हसतं. एवढंच आपलं काम! बापजन्मात आपल्यातल्या एकाला तरी पडद्यावर प्रेम करायला, रडायला, निदान शांतपणे मरायला मिळालं आहे का? आणि मग दरवर्षी पुरस्कारांचा सोहळा येतो. आपण टीव्हीपुढे बसतो. यंदा तरी आपला एखादा चित्रपट, आपलं एखादं माणूस. दरवर्षी पुरस्कार भलतीकडेच जातो आणि आपण टीव्हीवर राग काढत घरी जातो. टीव्ही बिचारा आपल्या मंडळातल्या उमेरच्या दुकानातला असतो.

करुणाविषयी बोलायचं सोडून मी हे काय सांगत बसलोय, असं मरियमबाईंच्या चेहऱ्यावर दिसतंय. बाई, मी त्याच रस्त्याने येतोय. जरा वळणाचा आहे, पण घाट आपल्याला नवे नाहीत.

ज्या वर्षी कोकण रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी आमचं चित्ररसिक मंडळ निघालं. रेल्वे निदान वेळापत्रक लावून धावत होती. आमच्याकडे नुसती भांडणं. पुरस्कार कुणाला मिळणार यावरून पहिल्याच वर्षी असा वाद झाला, की दोन सभासद वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि एकाच टेबलावर बसून चहा पीत होते. त्या सभेला रशीदभाई आले होते ते आपली विसरलेली छत्री न्यायला. मिरकरवाड्याच्या बंदरावर ज्यांनी उभा जन्म माशांचे लिलाव पुकारले, त्या माणसाला आमचा आवाज सहन होईना. दारातूनच म्हणाले, "ओ सायबांनो, भांडताव कशाला? बोली लावा. ज्याला खात्री हाय तो चढवील. ज्याला नाय तो तोंड मिटंल. बंदरावर आमी असांच करतो."

त्या दिवसापासून ते आमचे लिलावदार. छत्री त्यांना अजून मिळालेली नाही.

ज्यांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली की मंडळ जमतं. रशीदभाई खुर्चीवर उभे राहतात आणि एकेक नाव पुकारतात, पाटीतला पापलेट वर धरून दाखवावा तसं. ज्याला वाटतं हे नाव जिंकणार, तो बोली लावतो. पैशाची नाही, जेवणाची. कुणी म्हणतो बांगडे, कुणी म्हणतो कोलंबी. ज्याची बोली शेवटची, नाव त्याचं. ते नाव हरलं तर त्याने सगळ्या मंडळाला बोलीप्रमाणे जेवू घालायचं. जिंकलं तर मंडळाने त्याला. आणि रशीदभाईंचा एकच नियम. "मासा तुमाला आवडतो म्हणून भाव चढवू नका. बाजारात उठंल काय तां बघा. आवड घरी ठेवायची."

हा नियम आम्ही कधी पाळला नाही. एका वर्षी समुद्रावरचा एक चित्रपट होता. सगळ्या मंडळाने त्यावर जीव टाकला. सर्वोत्कृष्ट छायाचित्रण, संगीत, सगळं त्यालाच मिळणार म्हणून बोल्या चढल्या. रशीदभाई एकटे म्हणत होते, "अरे, त्या समुद्राला भरती नाय न् ओहोटी नाय. तलाव हाय तो." पुरस्कार मिळाला बर्फातल्या चित्रपटाला, आणि आमचे खजिनदार महिनाभर लोकांना कोलंबी खिलवत होते.

आता पुरस्कार म्हणजे तरी काय असतो? जुन्या ग्रीसमध्ये नाटकांच्या स्पर्धा होत. कुणा एका गटाने परीक्षक फोडू नयेत म्हणून ते लोक परीक्षकांची नावंच चिठ्ठ्या टाकून काढत. तरी भांडणं व्हायची ती व्हायचीच. म्हणजे अडीच हजार वर्षांत आपण फार पुढे आलो आहोत असं नाही. पाच-सात माणसं बंद खोलीत बसतात, बिस्किटं खातात, आणि ठरवतात की या वर्षी महाराष्ट्रात सगळ्यात चांगलं कोण रडलं. त्यांचा निर्णय आपण मानतो कशासाठी? मला विचाराल तर मानतो यासाठी, की आपल्या आवडीवर दुसऱ्या कुणीतरी शिक्का मारावा अशी आपल्याला भूक असते. ही भूक वाईट नाही. पण ती भागवायला आपण नेहमी दुसऱ्याच्याच दारात का उभे राहतो, हा प्रश्न मात्र मला छळतो. असो. करुणाकडे येतो.

करुणा गमरे. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं, नोकरी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. चौथीची सहल घेऊन ती आंजर्ल्याला गेली होती. तिथे एका चित्रपटाचं चित्रण चाललं होतं. चित्रपटाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण निर्मात्यांशी आमचं सध्या बरं चाललंय. त्या मंडळींनी देवळाकडे जायची वाट दोर लावून अडवली होती आणि चाळीस पोरं उन्हात ताटकळत होती. करुणाने दोर उचलला, पोरांना खालून पलीकडे काढलं, आणि मग दिग्दर्शकापुढे जाऊन जे काही बोलली, ते मला कोर्टात एवढ्या वर्षांत जमलेलं नाही. दिग्दर्शक ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही हाच राग कॅमेऱ्यापुढे कराल का?" करुणा म्हणाली, "आधी पोरांना पाणी द्या."

पाणी मिळालं. कामही मिळालं. नवऱ्याचं होडकं वादळातून परत आलेलं नाही अशी एक बाई. रोज बंदरावर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तिला वाक्यं अशी थोडीच. त्यातलं मुख्य वाक्य करुणाने स्वतःच घातलेलं होतं, आपल्या पद्धतीने: "आमचां होडकां आलां काय ओ?"

चित्रपट आपल्या थिएटरला लागला तेव्हा सगळं गाव गेलं. पडद्यावर करुणा आली. शिट्ट्या वाजल्या. तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "आमची होडी आली का हो?"

चेहरा करुणाचा, ओठ करुणाचे, आवाज दुसऱ्याच कुणाचा. गोड, घोटलेला, पुण्याचा. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बाहेर आल्यावर रशीदभाई म्हणाले, "बंदरावर कुणी असां विचारलां ना, तर कोणी उत्तर पण देणार नाय. समजतील पाहुणीण हाय, होडीतनं फिरायला आलीय."

आम्ही हसलो, पण आतून पेटलेले होतो. आणि अशात नामांकनं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री: करुणा गमरे!

काय सांगू तुम्हाला त्या वर्षीची बोली! लोक खिडकीत बसले होते. रशीदभाईंनी नाव पुकारलं आणि बांगड्यांपासून सुरुवात झाली ती पापलेटवर गेली. मी म्हटलं सुरमई, सगळ्या मंडळाला, दोन-दोन तुकडे. एकवार, दोनवार, तीनवार. करुणा माझी. टाळ्या. आणि मग रशीदभाईंनी तिच्या विरुद्ध असलेल्या मुंबईच्या नटीचं नाव पुकारलं. घरच्या पोरीविरुद्ध कोण बोलणार? रशीदभाई म्हणाले, "सुकटाची चटणी तरी बोला कोणतरी. पाटी अशी रिकामी परत पाठवायची काय?"

मागून आवाज आला, "चटणी माझी."

करुणाचा आवाज! ती कधी येऊन मागे उभी राहिली कुणाला कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, तू स्वतःविरुद्ध बोली लावतेस?"

ती म्हणाली, "रशीदचाचांचा नियम हाय ना, वकीलसाहेब? मी खात्रीची बोली लावतेय. आवडीची नाय."

आम्हाला वाटलं, नम्रता. मोठी माणसं अशीच असतात वगैरे मी तिथल्या तिथे बोललोदेखील. आपल्याला न समजलेल्या गोष्टीला आपण नम्रता म्हणतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सोहळ्याचा दिवस उजाडला. करुणा मुंबईला गेलेली. इकडे उमेरने दुकानातला मोठा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून लावला. गंगारामदादा पेढे घेऊन आले होते आणि पुडा मांडीवर धरून बसले होते. पुरस्कार सुरू झाले. वेशभूषा गेली, गीत गेलं. आणि मग अचानक पडद्यावर करुणाचा चेहरा! तेच बंदर, तीच नजर. "आमची होडी आली का हो?" आणि सूत्रसंचालक म्हणाला, "हा पुरस्कार जातो..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. फटाक्यांची माळ लागली. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं. दादांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा रशीदभाईंच्या तोंडात घातला. धूर खाली बसला तेव्हा मंचावर रेशमी साडीतल्या एक वयस्कर बाई पुरस्कार घेत होत्या.

"ही कोण?" रशीदभाईंनी पेढा तोंडात तसाच ठेवून विचारलं.

तो पुरस्कार आवाजासाठी होता. करुणाच्या चेहऱ्याला ज्यांनी आवाज दिला, त्या कलावतींसाठी. फटाके आम्ही करुणाचा आवाज पुसला गेल्याबद्दल वाजवले होते. बंधुभगिनींनो, असा पराक्रम करायला रत्नागिरीतच जन्म घ्यावा लागतो.

दादा सुटलेला पुडा परत बांधत होते आणि दोरा काही गाठीला येईना.

तेवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. करुणा दिसली. त्या बाईंसाठी ती टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. मला रागच आला. आणि थोड्याच वेळात सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. मुंबईच्या नटीला. रशीदभाई पायरीवर उभे राहिले आणि बंदरावरच्या आवाजात ओरडले, "बोली करुणाची! एकवार, दोनवार, तीनवार!"

पुरस्कार हरली आणि बोली जिंकली, असं आमच्या मंडळाच्या इतिहासात एकच माणूस झालं आहे.

पुढच्या रविवारी दुपारी रशीदभाईंच्या अंगणात जेवण. सुरमई माझी, कारण मी हरलो. मान करुणाचा, कारण ती जिंकली. जेवणाआधी मी उभा राहिलो आणि निषेधाचा ठराव मांडला. मुंबईच्या निर्मात्यांचा निषेध, दिग्दर्शकाचा निषेध, पुण्याच्या आवाजाचा निषेध, आपल्या मातीची जीभ कापणाऱ्या सगळ्यांचा निषेध. चांगला ठराव होता हो. मी अजूनही म्हणतो, चांगला होता. लोकांनी ताटं बाजूला सारून टाळ्या वाजवल्या.

करुणा म्हणाली, "वकीलसाहेब, आरोपी चुकीचे धरलेत."

"म्हणजे?"

"पिक्चर लागायच्या आधी इथं ट्रायल शो झाला होता. आठवतां? माझाच आवाज होता त्यात. मी न् दिग्दर्शक मागं बसलो होतो. मी विचारलां, 'आमचां होडकां आलां काय ओ?' आणि सगळां थिएटर हसलां. मुंबईचे चार लोक होते, ते नाय हसले. ते तुमच्याकडं बघत होते. दुसऱ्यांदा विचारलां, परत हसले. तिसऱ्यांदा तर मी रडत होते पडद्यावर. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले." मग म्हणाली, "दिग्दर्शकानं मला विचारलां, 'बाई, तुमचीच माणसं हसतात, तर मी काय करू?' मी काय सांगायचां होतां?"

मी त्या दिवशी खटल्यासाठी चिपळूणला होतो. ही काही फुशारकी नव्हे. थिएटरात असतो तर इतरांपेक्षा वेगळा वागलो असतो, अशी खात्री मला देता येत नाही.

रशीदभाई म्हणाले, "मी होतो गो त्या खेळाला. मी पण हसलो. तू वाईट केलांस म्हणून नाय. इतकी वर्सां पडद्यावर आपलां बोलणां आयकलां की हसायचां, एवढांच माहीत. तोंड आपोआप उघडलां. आणि तुझा चेहरा बघितला तवर हसून झालां होतां."

मी तावातावाने म्हटलं, आपल्या बोलीची लाज वाटण्याचं कारणच काय? ती किती गोड आहे, किती जुनी आहे. माझं व्याख्यान नुकतं लागत होतं, तेवढ्यात गंगारामदादा बोलले. ते क्वचितच बोलतात आणि तेही अगदी छापील मराठीत. त्यांचे शब्द मी तसेच्या तसे सांगतो.

"वकीलसाहेब, तुम्ही 'गेलां, आलां' म्हणता तेव्हा लोकांना कौतुक वाटतं. एवढा शिकलेला माणूस, पण माती विसरला नाही म्हणतात. आम्ही तेच बोललो की लोक गाव विचारतात. मग वाडी विचारतात. आणि वाडी कळली की पाण्याचा तांब्या आत जातो. मी छप्पन्न साली लहान होतो. घरात सगळ्यांनी धर्म बदलला, आणि मी ठरवलं की भाषापण बदलायची. या पोरीला मी 'माझां' म्हटलं की उभं करायचो. 'माझं' दहा वेळा म्हण, मग जेव. तिचा तो आवाज पुण्याचा लागला ना, तेव्हा थिएटरमध्ये मला एकट्याला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता हिला कुणी वाडी विचारणार नाही."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. भाषेवरची तर कपाटभर. त्यांतल्या एकाही पुस्तकात तो तांब्या नव्हता. मी खाली बसलो. ठराव मागे घेतला. त्या दिवशीची सुरमई चांगली झाली होती म्हणतात.

करुणा मात्र वडिलांना म्हणाली, "आबा, तुम्ही शिकवलांत म्हणून मला दोन्ही येतात. शाळेत अधिकारी आले की मी तुमचीच भाषा बोलते. पण ज्या बाईचा नवरा परत आलेला नाय, ती शुद्ध कशी बोलंल? तिला तेवढी फुरसत कुठाय?"

मित्रहो, आता आजच्या गोष्टीकडे येतो. त्याच निर्मात्यांनी करुणाला दुसऱ्या चित्रपटासाठी बोलावलं. यात तिचं काम मोठं आहे. भावाला आखातात धाडणारी बहीण. चित्रण दापोलीजवळच्या मुरुडला झालं. तिने एकच अट घातली: आवाज माझाच राहील. निर्माते वाईट माणसं नाहीत. त्यांनाही पोट आहे, कर्ज आहे, मागच्या खेळाची आठवण आहे. त्यांनी उलटी अट घातली. ट्रायल शो परत रत्नागिरीत करू. लोक तुमचं बोलणं ऐकून हसले, तर आवाज बदलणार. नाही हसले, तर तुमचाच ठेवणार. करुणाने ते कबूल केलं. मी तिला वकील म्हणून सांगितलं, असा करार करू नकोस, प्रेक्षकांच्या तोंडाची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणाली, "मला मुंबईच्या लोकांकडनं हमी नको. तुमच्याकडनं पायजे."

आणि तिने मागे काय ठेवलं आहे ते जाणून घ्या. शाळेची रजा संपली होती, आणखी मिळत नव्हती. तिने राजीनामा दिला, तो मंजूर झाला. गमऱ्यांच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी होती. शनिवारी ती मुंबईला जाते आहे, पुढची दोन कामं ठरलेली आहेत. पण या चित्रपटातला तिचा आवाज पुसला गेला, तर ती दोन्ही सोडून परत येणार आहे. मला स्पष्ट म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला मी शाळा सोडली नाय." म्हणजे परत आली तर तिकडे काम नाही आणि इकडे नोकरी नाही. या पोरीने आपली सगळी बोली तुमच्या-माझ्यावर लावली आहे, आणि तीही आवडीची नव्हे, खात्रीची. रशीदभाईंचा नियम तिने पाळला आहे. तिला वाटतं, आपण बाजारात उठू.

बोली म्हणजे लिलावातली आणि बोली म्हणजे जिभेवरची. हा एकच शब्द आपल्या माणसांनी दोन्हींना का लावला, याचं उत्तर भाषापंडितांनी द्यावं. मला एवढंच कळतं की दोन्हींमध्ये एकदा तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही.

एक घरातली गोष्ट सांगतो. मरियमबाईंकडून आली आहे, तेव्हा खरी आहे. काल करुणा ट्रंक भरत होती. गंगारामदादा दारात आले आणि म्हणाले, "तुझां सामान बांधून झालां काय गो?" करुणाच्या हातातली साडी तशीच राहिली. तीस वर्षांत वडिलांच्या तोंडून तिने हे ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, "आबा, काय म्हणालात?" दादा म्हणाले, "काही नाही. आवर." आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

दादा, तुम्ही मान खाली घालू नका. या सभागृहात आज वाडी विचारणारा कुणी असेल, तर त्याने माझ्या घरी पाणी प्यायला यावं. तांब्या मी बाहेर आणेन आणि त्याच्याशी तिथेच अंगणात बोलेन.

करुणा, तुला मी काय सांगणार? मुंबईत कुणी तुला सुधारायला निघालं, तर दिग्दर्शकाला सांगितलंस तसं सांग. जेवणाची आबाळ करू नकोस. गणपतीत आणि आंबेडकर जयंतीला घरी ये, आणि ईदला आली नाहीस तर रशीदभाई नाव पुकारणं बंद करतील. पुढच्या वर्षी नामांकनात तुझं नाव आलं, की मी पुन्हा बोली लावणार आहे. सुरमईच. आणि तू माझ्याविरुद्ध बोललीस, तर यापुढे आपलं बोलणं बंद.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, मरियमबाईंनी घंटी हाताशी असून वाजवली नाही, उमेरने ध्वनिक्षेपक एकदाही किंचाळू दिला नाही, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर त्याने ते पदरात घ्यावं. जे नुसतंच लांबलं असेल ते मात्र पोटात घालावं. वकिलाला कमी शब्दांत बोलता येत नाही, हा जातिवंत दोष आहे.

आता एकच मागणं, आणि मी खाली बसतो. शुक्रवारी दुपारी ट्रायल शो आहे. जुम्म्याची नमाज आटोपून येता येईल अशी वेळ मरियमबाईंनी निर्मात्यांकडून मागून घेतली आहे. तिकीट नाही. चित्रपटात विनोदाच्या जागा आहेत, तिथे खुर्ची मोडेपर्यंत हसा. पण शेवटाकडे ही पोर एसटी स्टँडवर भावाला निरोप देते. लांबलचक बोलते, सगळं आपल्यासारखं बोलते, आणि बोलता बोलता रडते. मुंबईची माणसं तेव्हा पडद्याकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील. शुक्रवारी या. घरातल्या सगळ्यांना घेऊन या. आणि ती बोलत असेल तेवढा वेळ, हसू नका.